मिशनच्या बाईंचा भाऊ

ताई, तुझ्या मयतीत विनयनं पस्तीस मिनिटं उपदेश केला आणि तुझं नाव फक्त दोनदा घेतलं. एकदा सुरुवातीला, कारण कोणाची मयत आहे ते सांगावंच लागतं. आणि एकदा शेवटी, प्रार्थनेत. मधल्या सगळ्या वेळात देवाची कृपा होती, विश्वास होता, पुनरुत्थानाची आशा होती, तू नव्हतीस. तू समोर पेटीत होतीस, पांढऱ्या साडीत, ओठ असे घट्ट मिटून की आता उठशील आणि म्हणशील, "झालं काय तुमचं?"

उपदेश चांगला होता. मी पहिल्या बाकावर बसलो होतो आणि विनय बोलता बोलता माझ्याकडे बघत होता, परीक्षेला बसल्यासारखा. कारण हा नियम त्याला मीच शिकवलाय. मयतीच्या उपदेशात मयताचं कौतुक करायचं नाही. त्यानं कोणाला मदत केली, चर्चला पंखे दिले की घंटा दिली, एक शब्द नाही. तारण कृपेनं मिळतं, विश्वासानं मिळतं, आपल्या कामांनी मिळत नाही. तेव्हा पेटीसमोर उभं राहून कामांची यादी वाचणं म्हणजे देवाला बिल दाखवणं, असं मी म्हणत आलो. अमरावतीत चाळीस वर्षं पाळक होतो. चाळीस वर्षं हा नियम पाळला आणि माझ्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येक तरुण पाळकाला पाळायला लावला. विनयनं शेवटी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी.

आज अठरा दिवस झाले. त्या मान हलवण्याची मला अजून लाज वाटते.

चर्चच्या मासिकवाल्यांनी 'बहिणीविषयी दोन शब्द' मागितलेत. त्यांना वाटतंय मी सांत्वनपर काहीतरी लिहीन. मी हे लिहून राहिलोय, आणि ते छापतील की नाही ते त्यांचं ते पाहतील. तुझ्याबद्दल लिहायचं तर तू काय केलंस ते लिहावंच लागतं. ते सोडून लिहायला बसलो तर पानावर दोनच वाक्यं झाली आणि ती दोन्ही माझ्याबद्दल होती.

नियम हवेतून आला नव्हता, हे तुलाही माहीत होतं. सेमिनरीत शिकत असताना मी एका ठेकेदाराच्या मयतीला गेलो होतो. उपदेश करणाऱ्यानं त्याला गरिबांचा कैवारी म्हटलं, विधवांचा आधार म्हटलं, आणि माझ्या मागे उभ्या दोन मजूर बाया तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघत होत्या. पेटीसमोर इतकं खोटं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तिथेच ठरवलं, की मी पाळक झालो तर हे करणार नाही. श्रीमंत मेला काय, गरीब मेला काय, माझ्या तोंडून फक्त कृपा ऐकू येईल. तेवीस वर्षांचा होतो. त्या वयात माणसाला ठरवायची फार हौस असते.

आणि त्याच वर्षी बाबा गेले. माझा पहिला मयतीचा उपदेश तो.

आपल्या अकोटात ख्रिस्ती घरं तेव्हा पंधरा-वीसच. कबर खोदायला पगारी माणूस नव्हता. बाबा जिनमध्ये फिटर. दिवसभर कापसाचं धूळभरलं काम करून आले तरी कोणी गेल्याचं कळलं की फावडं-टिकाव घेऊन निघायचे. आपली काळी माती, पावसाळ्यात फावड्याला चिकटून बसते आणि वैशाखात दगड होते. बाबांनी कधी कुरकुर केली नाही. मयताच्या घरी जाऊन त्याची लांबी सुतळीनं मोजायचे, सुतळी कमरेला बांधायचे आणि खोदायला लागायचे. कबर झाली की शेवटी स्वतः आत उतरून उताणे निजायचे. खांदे टेकतात का, पाय मोकळे राहतात का, पाठीखाली ढेकूळ टोचतं का, सगळं बघायचे. तू चहाची किटली घेऊन काठावर उभी असायचीस. लोक म्हणायचे हे अपशकुनी आहे. बाबा म्हणायचे, "त्याले काही सांगता येत नाही आता. आपणच पाहाव लागते."

त्यांची स्वतःची कबर जिनमधल्या रहीमचाचांनी खोदली. ख्रिस्ती कब्रस्तानात पहिल्यांदाच पाय ठेवलेला तो माणूस, पण बाबांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांची रीत त्याला पाठ होती. खोदून झाल्यावर चाचा आत उतरले, आडवे झाले, क्षणभर डोळे मिटले आणि उठून म्हणाले, "बराबर है." हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्यानंतर अर्ध्या तासानं मी नवा पांढरा झगा घालून उभा राहिलो, जो तूच शिवला होतास, आणि बाबांबद्दल एक अक्षर बोललो नाही.

घरी आल्यावर तू चुलीपुढे बसली होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "शांत्या, बाबाचं काहीच नाही सांगतलं तू?"

"ताई, माणसाच्या कामांनी तारण होत नाही."

"तारण देव पाहून घेईन. मी तुले तारण मांगतलं काय? गावभराच्या कबरी खोदल्या त्या माणसानं. एक वाक्य मांगत होती मी. एक."

मी शास्त्रातले आधार द्यायला लागलो. तू उठलीस, माझ्यापुढे चहाचा कप ठेवलास आणि परसात निघून गेलीस. कपावर साय धरेपर्यंत मी तिथेच बसलो होतो. तो विषय त्या दिवशी मिटला नाही, नंतरही कधी मिटला नाही. चाळीस-एक वर्षं आपण तो घरातल्या जड पेटीसारखा इकडून तिकडे सरकवत राहिलो.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तू चौदाची. तू शाळा सोडलीस आणि मशीनवर बसलीस. माझ्या चड्ड्या, माझे शर्ट, माझी सेमिनरी, सगळं त्या मशीनवरून निघालं. तुझं लग्न राहून गेलं. हे वाक्य मी नेहमी असंच म्हणतो, 'राहून गेलं', जणू एसटी चुकली. खरं म्हणजे तू माझ्यासाठी थांबलीस, आणि मी मोठा झाल्यावर तुला कोणी विचारलं नाही, मीसुद्धा विचारलं नाही.

मग ते अकोल्याचं सुरू झालं. शेजारच्या म्हातारीला सरकारी दवाखान्यात न्यायचं होतं आणि तिचा मुलगा घाबरट, म्हणून तू सोबत गेलीस. एकदा गेलीस ती जातच राहिलीस. केसपेपर कोणत्या खिडकीवर निघतो, रक्त कुठे द्यायचं, हाडांचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो, सगळं तुला तोंडपाठ झालं. पोपटखेडकडून, डोंगराच्या पायथ्याच्या गावांमधून लोक तुझं घर विचारत यायचे. मिशनच्या बाई कुठे राहतात? कोरकू बाया यायच्या, ज्यांना मराठी अर्धवट कळायची आणि डॉक्टरची मराठी अजिबात नाही. तू त्यांचं मनगट धरून बसायचीस. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, सकाळची अकोट-अकोला गाडी. पिशवीत पाण्याची बाटली, पोळी-ठेचा आणि एक जुनं सुती लुगडं, कारण तिथल्या फरशीवर कोणालातरी निजवावं लागायचंच.

आणि इकडे शिवणाची बोंब. दिवाळीला टाकलेला ब्लाउज तू संक्रांतीला द्यायचीस, तोही बटणं न लावता. बायका दारात उभ्या राहून भांडायच्या. "बाई, लग्न होऊन पोरगी सासरी गेली, आता काय करू ब्लाउजचं?" तू शांतपणे म्हणायचीस, "बारशाले घाल." तरी कापड तुझ्याकडेच टाकायच्या. अकोटात तेव्हा चार टेलर होते, तुझ्यापेक्षा लवकर देणारे आणि बरे शिवणारे.

चर्चमध्ये तू शेवटच्या बाकावर बसायचीस. मी अकोटला उपदेशाला आलो की तिसऱ्या मिनिटाला तुझे डोळे मिटायचे, आणि ते चिंतन नव्हतं, कारण चिंतन करणारा माणूस घोरत नाही. एकदा मी रागावलो तर म्हणालीस, "तुह्या आवाज लय गोड हाय. झोप लागते." सगळ्यांपुढे आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला तू एकदाही उभी राहिली नाहीस. उपास-प्रार्थनेच्या दिवशी तू हमखास अकोल्याला असायचीस. मंडळीतले वडीलजन मला विचारायचे, पाळकसाहेब, तुमच्या ताईंचा आत्मिक अनुभव काय? मी काय सांगणार?

मला तुझी काळजी वाटायची, ताई. हे खोटं नाही. लोकांचं तारण सांगत मी गावोगाव फिरायचो आणि मनात धास्ती घरची असायची. माझ्या बहिणीचा भरवसा जर या फेऱ्यांवर असेल तर? जर तिला वाटत असेल, एवढ्यांना दवाखान्यात नेलं म्हणजे वरची जागा पक्की? तेव्हा मी आडून आडून विचारायचो आणि तू आडून आडून टाळायचीस. "शांत्या, मले मशीनवर बसू दे, चार ब्लाउज बाकी हायत."

सुमनच्या वेळी मात्र तू जरा थांबली होतीस. सुमन अमरावतीची, आमच्याच मंडळीतली. वीस वर्षं अंथरुणावर, बोलणं गेलेलं, ओळख गेलेली. ती गेली तेव्हा तिची म्हातारी आई मला म्हणाली, "साहेब, माह्या लेकीनं तर आयुष्यात काहीच नाही केलं. तिच्या मातीत काय सांगसान?" मी म्हटलं, जे सगळ्यांच्या मातीत सांगतो तेच. देवानं तिच्यावर प्रेम केलं. म्हातारी माझा हात धरून रडली. मी अकोटला आल्यावर तुला हे मुद्दाम सांगितलं. म्हटलं, ताई, बाकीच्यांच्या कामांचा पाढा वाचत बसलो असतो, तर सुमनच्या पेटीसमोर तोंड उघडायला माझ्याकडे काय उरलं असतं? माझा नियम तिच्यासाठी आहे.

तू सुईत दोरा ओवत होतीस. ओवून झाल्यावर म्हणालीस, "हे मात्र खरं हाय." माझं ऐकून तू असं म्हटल्याची आयुष्यातली ती एकमेव वेळ. मी खूश होऊन उठणार तेवढ्यात तू विचारलंस, "पण वीस वर्षं तिले भरवत कोण होतं?"

"तिची आई."

"मंग तिचं नाव घ्याचं ना तिथी. थे तर जिवंत होती. आयकून तिले बरं वाटलं असतं."

मी म्हटलं, तो मुद्दा वेगळा. तू म्हटलंस, "तुहे समदे मुद्दे वेगळेच असतात." आणि मशीन सुरू केलंस, म्हणजे बोलणं संपलं.

गेल्या महिन्यात तुझ्या छातीत पाणी झालं आणि तुला अकोल्याला भरती केलं. त्याच दवाखान्यात. मी अमरावतीहून पोचलो तेव्हा वॉर्डातली सिस्टर मला हसत हसत सांगत होती, की तुला स्ट्रेचरवरून आणताना तिनं सवयीनं विचारलं, "काय बाई, आज कोणाले घेऊन आल्या?" आणि तू धापा टाकत म्हणालीस, "आज मलेच घेऊन आली."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की फार दिवस नाहीत. मी येऊन तुझ्याजवळ बसलो. प्रत्येक मरणाऱ्या माणसाला मी एक प्रश्न विचारत आलोय. शेकडो लोकांना विचारला, कधी जीभ अडखळली नाही. तुला विचारताना अडखळली. "ताई, तुझा भरवसा कशावर आहे?"

तू उशीवरचं डोकं माझ्याकडे वळवलंस. मग म्हणालीस, "शांत्या, इथी जो नवीन येते ना, थो लय घाबरते. कोठी जावं, कोणाले पुसावं, त्याले काही समजत नाही. मी त्याले सांगते, तू बस. मी काढते तुह्या केसपेपर. थो नुसता बसते बाकावर. त्याले काही कराव लागत नाही." तुला दम लागला. मी पाठीवर हात ठेवला. "तसाच माह्या केसपेपर येशूनं कवाचाच काढून ठेवला. मी नुसती बसली हाय. आता पाणी दे, तोंड सुकलं."

मी पाणी दिलं. आणि माझी अक्कल बघ, त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं. आपली बहीण पास झाली! बाहेर व्हरांड्यात येऊन मी देवाचे आभारसुद्धा मानले. तिथे उभा असताना हळूहळू लक्षात आलं, की चाळीस वर्षांत कृपा काय असते ते मी इतकं सोपं करून एकदाही सांगू शकलो नव्हतो. मला ती पाठ होती. तुला ती दर आठवड्याला त्या बाकावर दिसत होती, घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, कोणीतरी आपलं काम करून देतंय हे कळल्यावर. तू कामं करत होतीस आणि भरवसा त्यांच्यावर ठेवत नव्हतीस. मी कामांविरुद्ध बोलत होतो आणि माझा सगळा भरवसा एकाच कामावर होता, की मी बरोबर शिकवतो.

आत येऊन हे तुला सांगावं असं वाटलं. तू झोपली होतीस. उद्या सांगू म्हटलं. उद्या तू ऑक्सिजनवर होतीस.

आता तुझी मयत सांगतो, कारण तुला ती पेटीतून दिसली नाही. आपल्या चर्चमध्ये दाटीवाटीनं शंभर माणसं मावतात. त्या दिवशी आतल्यापेक्षा बाहेर जास्त होती. पायताणांचा ढीग फाटकापर्यंत. धोतरं, रुमाल, नऊवारी, बुरखे. कधी उठायचं, कधी बसायचं हे बहुतेकांना माहीत नव्हतं, त्यामुळे गीत सुरू झालं की अर्धे उभे, अर्धे बसलेले, आणि बसलेले उभ्यांना खाली ओढतायत. अकोला गाडीचा कंडक्टर खाकी कपड्यांतच आला होता. फुलशेती करणारी एक बाई झेंडूची अख्खी पाटी घेऊन आली आणि कुठे ठेवू म्हणून विचारत राहिली. ताई, मोठमोठ्या माणसांच्या मयती मी केल्यात. ज्यांच्यासाठी मंडप घातले होते अशांच्या. इतकी माणसं, कोणी बोलावल्याशिवाय, मी कोणाच्याच मातीला पाहिली नाहीत. ही माझी बहीण, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं.

आणि विनय बोलत राहिला. माझ्या मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, हळू, पण मला ऐकू गेला. "हा साहेब बाईचं काही सांगूनच नाही राहिला."

मी उठू शकलो असतो. विनयनं मला आनंदानं जागा दिली असती. पण त्या बाकावर मला एकदम माझ्या चाळीस वर्षांतले लोक दिसले. सुमनची आई, आणि ज्यांनी मला घरी बोलावून सांगितलं होतं, साहेब, आमच्या बापानं गावाला विहीर दिली, तेवढं बोला. असं सांगणाऱ्या सगळ्यांना मी नाही म्हटलं होतं. त्यांच्यातले काही त्या दिवशी अमरावतीहून आलेही होते. आज स्वतःच्या बहिणीसाठी उठलो, तर त्यांना काय तोंड दाखवू? म्हणून बसून राहिलो. विनयनं पाहिलं तेव्हा मान हलवली. आणि नंतर तुला माती दिली.

तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरीच होतो. तुझ्याकडे पडलेली लोकांची कापडं ज्याची त्याला परत करायची म्हणून गठ्ठे बांधत होतो. सकाळीच दारात एक जोडपं आलं. पोपटखेडकडचे, भाजीपाला करणारे. कमलाबाई आणि त्यांचा नवरा रामभाऊ. रामभाऊंच्या सोनोग्राफीची तारीख होती आणि तू सोबत येते म्हणाली होतीस. तू गेल्याचं त्यांना माहीत होतं, मातीलाही आले होते. पण तारीख तर तारीखच, आणि त्यांना दुसरं कोणाचं दार ठाऊक नव्हतं. कमलाबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "बाई तर गेल्या. पण कोणत्या खिडकीवर जाचं, तेवढं सांगतलं असतं तर."

मला कुठे माहीत होतं! मी पायात चपला घातल्या.

गाडीत तोच कंडक्टर. मला साध्या कपड्यांत ओळखलं नाही त्यानं. या दोघांना पाहून म्हणाला, "आता बाई नाई तं कोण हाय तुमच्या संग?" कमलाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे कोण?"

अमरावतीपासून अकोल्यापर्यंत चाळीस वर्षं तुझी ओळख लोक 'पाळकसाहेबांची बहीण' अशी करून द्यायचे आणि तू मान खाली घालून हसायचीस. मी म्हटलं, "मी मिशनच्या बाईंचा भाऊ." गाडीतली सात-आठ डोकी मागे वळली. पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीची जागा सोडून उठला. ताई, मला आयुष्यात बरेच हार घातलेत लोकांनी. कोणत्याच हारानं मान इतकी ताठ झाली नव्हती.

दवाखान्यात मात्र तुझ्या भावानं अब्रू घालवली. तासभर ज्या रांगेत उभा राहिलो ती जुन्या केसपेपरची निघाली. नव्याच्या रांगेत गेलो तर ती बायकांची. शेवटी शिक्का मारून घेतला तर तो चुकीच्या कागदावर. कमलाबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की बाई असत्या तर आतापर्यंत घरी गेलो असतो. दुपारी आम्ही सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर टेकलो. रामभाऊंना पोट भरून पाणी प्यायला लावलं होतं आणि नंबर येईपर्यंत लघवीला जायला मनाई. ते मांड्या आवळून, डोळे छताला लावून बसले.

त्यांचं लक्ष दुसरीकडे न्यावं म्हणून असेल, कमलाबाईंनी विचारलं, "बाई पहिल्यापासूनच अशा होत्या काय जी?"

आणि मी सुरू झालो. तू चौदाव्या वर्षी मशीनवर बसलीस तिथपासून. माझे शर्ट, बटणांशिवायचे ब्लाउज, अकोल्याची पहिली फेरी, सुती लुगडं. मग बाबांवर आलो. सुतळी, फावडं, कबरीत उताणं निजणं, काठावर किटली घेऊन तू. रहीमचाचा. मला बोलताना मध्येच रडू आलं, मी तसाच बोलत राहिलो. रामभाऊ त्या अवस्थेतही हसले, रडले. समोरच्या बाकावरचे लोक जवळ सरकले. दीड तास बोललो असेन. उपदेशात मी कधी घड्याळ विसरलो नाही, त्या दिवशी विसरलो.

थांबलो तेव्हा कमलाबाई पदरानं नाक पुसत माझ्याकडे पाहत होत्या. "मंग हे त्या दिवशी मातीत काहून नाई सांगतलं जी? आमी तेच आयकाले आलतो."

माझ्याकडे उत्तर होतं. चाळीस वर्षं घासूनपुसून लख्ख केलेलं, आधारांसकट. तोंडापर्यंत आलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"होते जी असं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात रामभाऊंचा नंबर पुकारला आणि त्या त्यांना धरून आत घेऊन गेल्या.

मी बाकावर एकटा राहिलो. मग तेच पुन्हा म्हटलं, या वेळी तुला. ताई, चुकलं. बाबांच्या वेळीही चुकलं आणि तुझ्याही वेळी. तुला जिवंतपणी एक वाक्य हवं होतं, तेवढंही मी दिलं नाही.

बहुधा मोठ्यानं बोललो असेन, कारण शेजारी नुकताच येऊन टेकलेल्या, हातात कागद घट्ट धरलेल्या माणसानं दचकून विचारलं, "मले काही म्हणलं काय जी?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या बहिणीबद्दल सांगत होतो." आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.